ताट पुढे सरकवलं. पश्चात्ताप म्हणजे नेमकं काय करायचं?

कावड (धागाकर्ता) | रविवार, रात्री ११:१०

जय ख्रिस्त आणि नमस्कार. चार-पाच वर्षं इथे वाचनमात्र आहे. धागा पहिल्यांदाच काढतोय, तोही खोट्या नावाने, त्याबद्दल आधीच माफी.

आज प्रभुभोजन होतं, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर-द्राक्षरस वाटून घेतात ते. आमच्या पाळकांनी बायबलमधलं मत्तय ५:२३-२४ वाचलं. वेदीजवळ दान आणलंस आणि तिथे आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर दान तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग ये. लहानपणापासून शंभरदा ऐकलेलं वचन. आज ताट माझ्यापर्यंत आलं आणि मी भाकर न घेता ते शेजारच्याकडे सरकवलं. बायकोने पाहिलं, पण घरी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही.

गोष्ट अशी. वडील २०११ मध्ये गेले, आई त्याच्या आधीच. मृत्युपत्र नव्हतं. नगर जिल्ह्यात घर आणि तीन एकर जमीन. आम्ही दोघंच, मी आणि माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी ताई. २०१३ मध्ये तिने हक्कसोडपत्रावर सही केली. मी दमदाटी केली नाही, खोटंही बोललो नाही. फक्त असं वागलो की जणू हे ठरलेलंच आहे. सकाळी तिला एसटीने बोलावलं, दुपारी रजिस्ट्री झाली, एका हॉटेलात जेवलो, तिला साडी दिली, संध्याकाळच्या गाडीत बसवून दिलं. साडी साडेसातशेची होती. एवढ्या वर्षांनी हा आकडा लक्षात आहे, यावरूनच काय ते समजा.

२०१९ मध्ये दीड एकर विकलं आणि पुण्यातल्या फ्लॅटचं कर्ज फेडलं. त्याच वर्षी दाजी आजारी पडले. ताईने चाळीस हजार मागितले. मी दिले, उसने म्हणून, आणि हप्त्याहप्त्याने परत घेतले. शेवटचा हप्ता तिने पोराच्या हाती पाठवला होता.

देवापुढे रडून झालंय. दर वर्षी ईस्टरआधीच्या उपवासकाळात हेच एक पाप सांगतो. मागे एका जुन्या पाळकांशी बोललो तर ते म्हणाले, देवाने क्षमा केली, आता जुनं उकरू नका, बहिणीलाही उगाच त्रास. ते ऐकून बरं वाटलं होतं. आज वाटलं नाही. तुमचं काय मत?

वाळवण | रविवार, रात्री ११:४८

दादा, धीर धरा. पहिल्या योहानात स्पष्ट आहे, आपण पापं पदरी घेतली तर तो विश्वासू आणि न्यायी आहे, क्षमा करतो. तुम्ही कबूल केलंत, रडलात. आता स्वतःला किती कोसणार? कधीकधी सैतान आपल्याच अनुतापाचा वापर करून आपल्याला खाली दाबतो. ताईंसाठी प्रार्थना करा, सणावाराला मदत करा. तिच्या मनात काही नसेलही.

तिरकस | सोमवार, सकाळी ८:०५

मी ख्रिस्ती नाही, गैरसमज नसावा. पण 'देवाने क्षमा केली' हे वाक्य मला कायम खटकतं. जमीन ताईची गेली आणि क्षमा देवाने केली? म्हणजे माझा खिसा कापला गेला आणि खिसेकापूला शेजारच्या काकांनी माफ केलं. दावीद राजाचं जे प्रसिद्ध स्तोत्र आहे, ५१ वं, त्यात तो देवाला म्हणतो, मी केवळ तुझ्याविरुद्ध पाप केलंय. अहो, त्या उरीयाचं काय? त्याची बायको घेतली, त्याला लढाईत पुढे ढकलून मारवलं, आणि पाप 'केवळ' देवाविरुद्ध?

उत्तनची बोट | सोमवार, सकाळी ९:३०

@तिरकस, प्रश्न रास्त आहे. पण स्तोत्र ५१ च्या मागची गोष्ट पूर्ण वाचा, २ शमुवेल १२. नाथान संदेष्टा दावीदाला थेट आरोप करत नाही, गोष्ट सांगतो. एका श्रीमंताकडे पुष्कळ मेंढरं, गरिबाकडे एकच कोकरू, लेकरासारखं वाढवलेलं. पाहुणा आला आणि श्रीमंताने गरिबाचं कोकरू कापलं. दावीद भडकून म्हणतो, त्या माणसाला कोकराबद्दल चौपट भरून द्यावं लागेल. मग नाथान म्हणतो, तो माणूस तूच. म्हणजे चौपटीचा निकाल राजाने स्वतःच दिलेला आहे, आणि तो स्वतःवर उलटलाय. मेलेला उरीया मात्र परत देता येत नव्हता. माझ्या वाचनात त्या स्तोत्रातला आक्रोश तिथून येतो. जिथे भरपाई शक्यच नाही, तिथे तो गुडघ्यावर आहे.

कावड यांची ताई जिवंत आहे.

आम्ही कॅथलिक. आमच्याकडे पापनिवेदन असतं (आई गोव्याची, ती 'कुमसार' म्हणते). बाहेरच्यांना वाटतं आत जाऊन सांगितलं, फादरनी हात वर केला, धुऊन निघालो. शिकवण तशी नाही. मनापासून दुःख, तोंडाने कबुली आणि भरपाई, तिन्ही लागतं. चोरी कबूल केली तर चोरलेलं परत करण्याची जबाबदारी उरतेच. फादर ती गोष्ट बाहेर कुणालाही सांगू शकत नाहीत. परत करायचं काम तुमचंच उरतं.

आता कबुली देते. आमच्या आळीत कुमसाराला जाणारे शंभर आणि परत करणारा मी तरी एकही पाहिला नाही. यात मीही आले.

शब्दवेल्हाळ | सोमवार, सकाळी ११:१५

थोडं शब्दांबद्दल, चालेल ना?

मराठी शास्त्रात 'पश्चात्ताप करा, कारण स्वर्गाचे राज्य जवळ आले आहे' असं आहे. पश्चात् आणि ताप. मागाहून होणारी आग. शब्द सुंदर आहे, पण त्याचा सगळा भार जळण्यावर आहे. मूळ ग्रीक शब्द मेटानोइया, म्हणजे मन बदलणं, विचारांची दिशाच पालटणं. त्याच्याही मागे हिब्रू संदेष्ट्यांचा शब्द आहे शूब. त्याचा अर्थ साधा, रस्त्यावरचा: वळणं, परत फिरणं. चुकीच्या वाटेला लागलेला माणूस मागे फिरतो ना, तेच क्रियापद. त्यात रडणं असेल किंवा नसेल, पाय मात्र हलले पाहिजेत.

योएल संदेष्टा म्हणतो, वस्त्रे नव्हे तर हृदय फाडा. त्या काळी शोक दाखवायला कपडे फाडायची रीत होती. लोक ते अगदी व्यवस्थित फाडत असणार, शिवता येतील असे.

मराठीत आपण पश्चात्ताप 'होतो' म्हणतो, ताप होतो तसा. तो आपल्याला येतो, राहतो, जातो. कावड यांना दर उपवासकाळात येतो आणि ईस्टरला उतरतो, असं म्हटलं तर राग मानू नका.

कावड | सोमवार, दुपारी १:०२

राग नाही. जेवणाच्या सुट्टीत वाचलं आणि डबा तसाच बंद केला.

खिचडीप्रेमी | सोमवार, दुपारी १:२०

डबा खाऊन घ्या हो. उपाशीपोटी समेट होत नाही. (अवांतर: माझ्या मामांनी पण आईकडून अशीच सही घेतली होती. साडीसुद्धा नव्हती, पेढे होते.)

दस्तऐवज | सोमवार, सायंकाळी ६:४०

वकिली करते, दिवाणी. धर्माचं बोलायला मी कोण, पण कागदाचं सांगते.

ख्रिस्ती कुटुंबाला भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ लागू होतो. मृत्युपत्र नसेल आणि आई हयात नसेल तर मुलगा-मुलगी समान वाटा. हिंदू मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका जन्मसिद्ध हक्क देशभर २००५ च्या दुरुस्तीने मिळाला. ख्रिस्ती मुलीचा समान वाटा त्याच्या कितीतरी आधीपासून कागदावर होता. तरी केरळात मेरी रॉय यांना त्यासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं, निकाल १९८६ चा. आणि आपल्याकडे न्यायालयात जायची वेळच येत नाही, कारण बहिणी सही करतात. हक्कसोडपत्र करायला आलेल्या बायकांना मी दर वेळी विचारते, कशावर सही करताय माहितीय का? उत्तर ठरलेलं: माहेर तुटायला नको.

कावड, तुमचं हक्कसोडपत्र नोंदणीकृत, दबाव नाही, फसवणूक नाही. कायद्याने तुम्ही सुटलेले आहात. आता द्यायचं तर ते तुमच्या खुशीने. उरलेल्या जमिनीचं बक्षीसपत्र करता येईल. मुलाला किंवा मुलीला राहतं घर वा शेतजमीन देताना मुद्रांक २०० रुपयांत भागतो, बहिणीला देताना तसं नाही, टक्केवारीने भरावा लागतो. तिला लिहून घेताना स्वस्त पडलं, परत देताना महाग पडेल.

तिरकस | सोमवार, सायंकाळी ७:१५

शेवटच्या ओळीवर एक स्वतंत्र प्रवचन होईल.

मागच्या बाकावरचा | सोमवार, रात्री ९:५०

जकातदार आणि परूशी यांचा दाखला इथे अजून कुणी आणला नाही याचं नवल वाटतं. लूक १८. परूशी, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणारा, मंदिरात उभा राहून देवाचे आभार मानतो की मी इतरांसारखा नाही, आठवड्यातून दोनदा उपास, सगळ्याचा दशमांश. जकातदार दूर उभा, वर बघायची हिंमत नाही, ऊर बडवतो: 'हे देवा, मज पाप्यावर दया कर.' नीतिमान ठरून घरी गेला तो जकातदार.

आम्हा मंडळीतल्या लोकांना हा दाखला इतका पाठ आहे की आता सगळे जकातदार झालेत. प्रार्थनेच्या सभेत साक्ष द्यायला उभे राहतात: 'मी अत्यंत नालायक, मातीचं भांडं.' आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून बघतात, किती जणांनी आमेन म्हटलं. मनातल्या मनात आभार: देवा, मी त्या परूश्यासारखा नाही. मी हे करतो, म्हणून माहीत आहे.

पण या दाखल्यात एक गोम आहे. हा जकातदार कुणाला काही परत देत नाही. रोमी सरकारसाठी आपल्याच लोकांकडून जादा उकळणारा माणूस, छाती बडवून घरी. एवढंच असतं तर @तिरकस यांचा मुद्दा मान्य करावा लागला असता. मात्र लूकने पुढच्याच अध्यायात दुसरा जकातदार आणून बसवलाय, जक्कय. बुटका, उंबराच्या झाडावर चढलेला. येशू त्याच्या घरी जेवायला जातो. परतफेडीबद्दल येशू एक अक्षर बोलल्याचं लिहिलेलं नाही. जक्कय आपणहून उभा राहतो: अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि कुणाचं अन्यायाने घेतलं असेल तर चौपट परत.

नियमशास्त्रात कबुली देणाऱ्याला मुद्दल अधिक पाचवा हिस्सा एवढंच होतं (गणना ५:७). चौपट ही मेंढरू चोरून कापणाऱ्याची शिक्षा (निर्गम २२:१). म्हणजे जक्कय स्वतःला सवलतीच्या कलमात बसवत नाही, चोराच्या कलमात बसवतो. माझ्या लेखी सगळ्या शास्त्रात नम्रतेचं याहून चांगलं उदाहरण नाही. आणि तो स्वतःला नालायक वगैरे काही म्हणत नाही. आकडा सांगतो.

गावकुसाबाहेर | सोमवार, रात्री ११:३०

सगळं वाचलं. नम्रतेवर गाडी आली म्हणून लिहितो.

माझे पणजोबा नगरच्या बाजूचे. अमेरिकन मराठी मिशन तिथे १८३१ पासून. आमच्याकडचे बहुतेक ख्रिस्ती महार-मांग वस्त्यांतून आलेले, हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे, बोलत कुणी नाही. पणजोबा पाटलाच्या वाड्यासमोरून जाताना वाकून जायचे. मग ते ख्रिस्ती झाले आणि देवळातल्या प्रवचनातही पहिलं काय ऐकलं तर लीन व्हा. आजी सांगायची, ते म्हणाले होते, वाकायचं तर मला येतंच की, त्यासाठी कशाला आलो? शाळेसाठी आलो. पोरगं ताठ उभं राहून मोठ्याने वाचतंय हे बघायला आलो.

तेव्हा नम्रता हा उपदेश कोण कुणाला करतंय, ते आधी बघा. फिलिप्पै २ वाचा. तिथे जो ख्रिस्त स्वतःला रिक्त करून दासाचं रूप घेतो, तो आधी देवाच्या बरोबरीचा आहे. उतरायला आधी वर असावं लागतं. योहान १३ मध्येही कंबरेला रुमाल बांधून पाय धुतो तो गुरू, शिष्य नव्हे. आणि येशूची आई मरीया हिच्या गीतात अधिपतींना आसनांवरून ओढून काढलंय आणि दीनांना उंच केलंय. दीनांना आणखी दीन व्हा असं ती म्हणत नाही.

आता @वाळवण यांच्या 'तिच्या मनात काही नसेलही' बद्दल. ताईने सही केली तेव्हा मंडळीतल्या लोकांनी तिला काय म्हटलं असेल? किती नम्र, किती प्रेमळ बहीण. बाईची नम्रता सातबाऱ्यावर जिरते, आणि भावाची नम्रता प्रार्थनेच्या सभेत.

वाळवण | मंगळवार, सकाळी ७:२०

लागलं. पण खरं आहे. माझीही सही आहे कुठल्यातरी कागदावर. मी पहिल्या प्रतिसादात जे लिहिलं ते बहुतेक स्वतःलाच सांगत होते.

उत्तनची बोट | मंगळवार, सकाळी १०:१०

@गावकुसाबाहेर, _/\_

पाय धुण्यावरून आठवलं. पवित्र गुरुवारी आमच्या देवळात बारा जणांचे पाय धुतात. वर्षानुवर्षं बारा पुरुष, तेही बहुधा प्रतिष्ठित, घरून साबणाने पाय स्वच्छ धुऊन आलेले! २०१३ मध्ये पोप फ्रान्सिस निवडून आल्यावर पहिल्याच पवित्र गुरुवारी रोममधल्या बालसुधारगृहात गेले आणि तिथल्या बारा जणांचे पाय धुतले. त्यांत दोन मुली होत्या, मुस्लिमही होते. २०१६ मध्ये नियमच बदलला, बायकांचे पाय धुवायला अधिकृत परवानगी आली. आमच्याकडे त्यावरूनही कुजबुज झाली, तो वेगळा धागा.

राखेच्या बुधवारी कपाळावर लावतात ती राख आदल्या वर्षीच्या झावळ्यांची असते. झावळ्यांच्या रविवारी होसान्ना म्हणत हलवलेल्या, त्याच जाळून. ज्या झावळ्यांनी जयजयकार केला त्यांचीच राख. आणि लॅटिनमध्ये नम्रतेच्या शब्दाच्या मुळाशी माती आहे, ह्यूमस. @शब्दवेल्हाळ, बरोबर ना?

शब्दवेल्हाळ | मंगळवार, सकाळी १०:४५

बरोबर. ह्यूमस, त्यावरून ह्यूमिलिटास. आपला 'नम्र' वाकण्यातून आलाय, 'लीन' विरघळण्यातून. @गावकुसाबाहेर यांच्या पणजोबांचा आक्षेप 'वाकण्या'लाच होता, हे आता लक्षात आलं. मातीवर पाय टेकून उभं राहणं ही त्यांनाही चालली असती अशी नम्रता.

आडवाट | मंगळवार, दुपारी ३:३०

मी जरा विरुद्ध बोलू का? सगळे 'परत दे, परत दे' म्हणताय. येशूला धरून देणाऱ्या शिष्याने, यहूदा इस्कर्योताने, परत दिलं होतं.

मत्तय २७. येशूला देहदंडाची शिक्षा झाली हे पाहून त्याला पस्तावा झाला. चांदीची तीस नाणी त्याने मुख्य याजकांकडे परत नेली, 'मी निर्दोष माणसाला धरून देऊन पाप केलं' अशी स्वच्छ कबुली दिली. ते म्हणाले, आम्हाला त्याचं काय, तुझं तू बघ. त्याने पैसे मंदिरात फेकले आणि जाऊन गळफास घेतला. दुःख, कबुली, परतफेड. कॅथलिक हिशोबाने तिन्ही खाती भरलेली.

दुसरा शिष्य पेत्र, त्याने काहीच परत दिलं नाही. तीनदा 'मी त्याला ओळखत नाही' म्हणाला, कोंबडा आरवला, बाहेर जाऊन मोठ्या दुःखाने रडला. आणि मंडळीचा खांब झाला. आता सांगा.

मागच्या बाकावरचा | मंगळवार, रात्री ८:१५

उत्तम. दोन दिवस यावर घालवायला आवडले असते.

एक, मत्तयाने तिथे ग्रीक शब्द वेगळा वापरलाय. मेटानोइयाचं क्रियापद नाही, नुसत्या हळहळीचं आहे. पण शब्दावर सगळं टांगायला मला आवडत नाही.

दोन, यहूदाने परत कुणाला दिलं ते बघा. ज्यांच्यासोबत मिळून पाप केलं त्यांना. ज्यांचं बिघडवलं त्यांच्याकडे तो गेलाच नाही. बाकीचे अकरा शिष्य त्याच शहरात होते. त्याला हातातले पैसे नकोसे झाले होते, ते त्याने टाकून दिले. टाकून देणं आणि परत देणं यात फरक आहे.

पेत्र रडला, पण त्या अकरांतच राहिला. तोंड दाखवत राहिला. योहान २१ मध्ये पुनरुत्थित येशू तळ्याकाठी कोळशाचा विस्तव करून बसलेला दिसतो. कोळशाच्या विस्तवासाठीचा तो ग्रीक शब्द नव्या करारात दोनच ठिकाणी आहे: इथे, आणि प्रमुख याजकाच्या अंगणात, जिथे पेत्र शेकत उभा राहून नाकबूल झाला. तसाच विस्तव, आणि तीनदा प्रश्न, 'माझ्यावर प्रीती करतोस काय?' तिसऱ्यांदा पेत्र दुःखी झाला असं लिहिलंय. त्याची फेड ही होती. जिथे मोडलं तशाच जागी पुन्हा उभं राहून समोरच्याचे प्रश्न ऐकून घेणं.

आडवाट | मंगळवार, रात्री ८:४०

कोळशाचं माहीत नव्हतं. मान गये.

ताईच्या जागेवर | मंगळवार, रात्री १०:०५

या धाग्यासाठीच खातं काढलं. मी सही केलेली बहीण आहे, सतरा वर्षं झाली.

माझा भाऊ तीन वर्षांपूर्वी आला होता. तोही विश्वासात वाढला होता म्हणे. अंगणात सगळ्यांसमोर माझ्या पायावर डोकं ठेवून रडला. माझी सासू, जावा, शेजारी सगळे. मला त्याला उठवावं लागलं, डोळे पुसावे लागले, चहा करावा लागला. सगळे म्हणाले, बघ, किती मोठं मन तुझ्या भावाचं. तो हलका होऊन गेला. जमिनीबद्दल एक शब्द नाही. त्यानंतर मला रागावायचीसुद्धा सोय राहिली नाही, कारण मी माफ केलंय असं गावाला माहीत आहे.

तेव्हा कावडदादा, जाणार असाल तर रडायला जाऊ नका. रडून झालंय ना? आणि माफी मागितली की लगेच मिळाली पाहिजे असं मनात धरू नका. ती माझी वस्तू आहे, मी देईन तेव्हा देईन.

दस्तऐवज | मंगळवार, रात्री १०:३०

या प्रतिसादानंतर माझ्याकडून काही नाही. +१

तिरकस | मंगळवार, रात्री ११:००

+१. आणि ते केडगावचं उदाहरण मी द्यायला बसलो होतो, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनात १९०५ मध्ये मुली ढसाढसा रडत उघडपणे पापं कबूल करत होत्या ते. ते वेगळं आहे, त्या मुलींचं रडणं कुणाच्या अंगणात जाऊन कुणाला अडकवणारं नव्हतं. खोडलं.

कावड | बुधवार, पहाटे ५:१५

झोप नाही. एक हिशोब केला. आमच्या पाळकांनी मागे सांगितलं होतं की 'दान वेदीपाशी ठेवून जा' हे येशू गालीलातल्या लोकांना सांगत होता. वेदी यरुशलेमात. नासरेथहून शंभरेक किलोमीटर, वळणाने जास्तच, पायी तीनेक दिवस. म्हणजे वेदीपर्यंत पोचलेल्या माणसाला तो परत गावी धाडतोय आणि पुन्हा यायला सांगतोय. मी पुण्यात, ताई नगरच्या बाजूला. एकशेवीस किलोमीटर. एसटीने तीन तास.

शनिवारी जातोय. एकटाच. साडी घेणार नाही.

खिचडीप्रेमी | बुधवार, सकाळी ८:००

पेढेही नकोत. बाकी शुभेच्छा.

कावड | रविवार, रात्री ९:४५

जाऊन आलो. सविस्तर लिहायचं होतं पण फार नाही लिहीत, तिच्या घरातलं आहे.

ती शेंगा फोडत बसली होती. दाजी खाटेवर. मी समोर बसलो आणि पाठ केलेलं सांगितलं: २०१३ मध्ये तुझ्याकडून सही घेतली ते चुकलं, कायद्याने अर्धं तुझं होतं, मला माहीत होतं. चाळीस हजार परत घ्यायला नको होते. राहिलेलं दीड एकर तुझ्या नावावर करतो, घराचा अर्धा हिस्सा पण. विकलेलं दीड माझ्या वाट्याचं धर. आवाज कापत होता पण रडलो नाही, @ताईच्या जागेवर यांचा प्रतिसाद डोळ्यासमोर होता.

ताई बराच वेळ बोलली नाही. शेंगा फोडत राहिली. मी मनातून थोडा खूश होतो, खोटं कशाला बोलू. बरोबर निम्मं-निम्मं, हिशोब चोख.

मग तिने वर न बघता विचारलं, "विहीर कुठल्या तुकड्यात गेली रे?"

विहीर विकलेल्या तुकड्यात गेली. म्हणूनच त्याला भाव आला होता. राहिलेलं दीड एकर मुरमाड, जिरायत. हे मला माहीत नव्हतं असं नाही. पुण्याहून निघताना, एसटीत, तीन तास, एकदाही डोक्यात आलं नाही. ती बारा वर्षं त्या शेतात गेली नाही आणि तिला एका वाक्यात आठवलं. लहानपणी त्या विहिरीचं पाणी तीच शेंदायची, मी काठावर बसायचो.

मी म्हटलं, विकलेल्या. ती म्हणाली, "मग नीट मांडून आण." जेवायला वाढलं. माफ केलं की नाही, काही बोलली नाही. मी विचारलं नाही.

आज प्रभुभोजन नव्हतं, ते आमच्याकडे महिन्यातून एकदा असतं. पुढचं तीन आठवड्यांनी.

@दस्तऐवज, २०१९ च्या खरेदीखतात विहिरीची किंमत वेगळी दाखवलेली नाही, एकत्रच आहे. बागायत आणि जिरायत यांतला फरक धरून तिचा हिस्सा रुपयांत कसा काढायचा, आणि तो २०१९ च्या भावाने की आजच्या?